तीन पावलं डावीकडे

मुलीच्या नव्या घरात पाऊल टाकलं, चपला काढून भिंतीशी नीट लावल्या, आणि वाकलेला सरळ होतो न होतो तोच त्याला वास आला. गोडसर, गार, नाकात शिरता शिरताच विरून जाणारा. त्याने पुन्हा श्वास ओढला तर काही नाही. नवा रंग, कपाटांचं नवं लाकूड, आत उकळत असलेला चहा, आणि या सगळ्यांच्या तळाशी, पलंगाखाली कुणी दबा धरून बसावं तसा, तो वास असावा असा नुसता भास. "काय झालं, बाबा?" मुलीने विचारलं. आठ महिन्यांच्या नातीला कडेवर घेऊन ती उभी होती आणि घर दाखवण्याची घाई तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हती. "काही नाही गं, गुडघा," तो म्हणाला. निवृत्त झाल्यापासून त्या बिचाऱ्या गुडघ्यावर त्याने इतकं काही ढकललं होतं की तो खरोखर दुखायला लागला असता तर कुणाचा विश्वास बसला नसता. त्याची बायको मागून आत आली, नाक ओढत, पिशवीत रुमाल शोधत. तिला बाराही महिने सर्दी, तिला कसला येतोय वास. म्हणजे वास आलेलं नाक एकच, त्याचं. आणि एकाच नाकाला आलेला वास हा वास नसतो, म्हातारपण असतं, असं स्वतःला बजावून तो पुढे झाला.

आता त्याचं नाक म्हणजे काही साधंसुधं नाक नव्हतं. एकतीस वर्षं त्या नाकावर घर चाललं होतं. बांधकामाआधी जमीन तपासून देणाऱ्या एका कचेरीत तो होता. पूर्वी जिथे कारखाना, गॅरेज, रंगाचं गोदाम असं काही होतं तिथे घरं बांधायची झाली की आधी माती तपासायची, तिच्यात विषारी काही मुरलं असेल तर उपसून न्यायची, आणि मग कागद द्यायचा की इथे माणसांनी राहायला हरकत नाही. तो कागद लिहिणारा हा. नकाशावर आठ टिंबं काढायची, प्रत्येक टिंबावर गिरमिटाने पुरुषभर खोल भोक पाडायचं, वर आलेली माती बरण्यांत भरायची, चिठ्ठ्या लावायच्या, प्रयोगशाळेत धाडायची. नियमांच्या पुस्तकात माती हुंगायला सक्त मनाई होती आणि प्रत्येक जण ती हुंगत असे. त्याच्याइतकी नेमकी मात्र कुणी नाही. चिमूटभर माती नाकाशी नेऊन तो डोळे मिटायचा आणि सांगायचा, डिझेल. सांगायचा, जुना रंग. सांगायचा, काही नाही, पाला कुजलाय. आठवड्याने प्रयोगशाळेचं उत्तर यायचं आणि तेच यायचं. कचेरीत त्याचं नावच 'नाक' पडलं होतं. नाक आज रजेवर आहे, नाकाला विचारा, नाकाचा चहा झाला का. मोठे साहेबही पाहुण्यांना सांगत, हे आमचं नाक. मुलगी लहान असताना शाळेत मैत्रिणींना सांगायची की माझे बाबा जमिनीला विचारतात, तू बरी आहेस का. हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं तेव्हा तो आठवडाभर छाती काढून चालत होता.

"आधी स्वयंपाकघर बघा," मुलगी म्हणाली, आणि तिने खिडकीचा पडदा सरकवला. घर तळमजल्यावरचं. खिडकीबाहेर गवताची एक पट्टी आणि पलीकडे जुनी विटांची भिंत. भिंतीला ठरावीक अंतरावर तिरके टेकू दिलेले, आणि त्यातला एक टेकू मधेच दुसऱ्याच रंगाच्या दगडांनी दुरुस्त केलेला, काळ्या कोटाला करडं ठिगळ लावावं तसा. त्याच्या मनात पाल चुकचुकली. या टेकूच्या सावलीत बसून आपण डबा खाल्लाय. त्याने खिडकीचा गज धरला. चौदा वर्षांपूर्वी, भर उन्हाळ्यात, इथे, बरोबर इथे. तेव्हा हा रस्ता नव्हता, फाटक पलीकडच्या बाजूला होतं, वस्तीला हे गोंडस नाव नव्हतं. पत्ता ऐकून कसं कळणार? इथे इस्पितळांचे आणि हॉटेलांचे पडदे, गालिचे, कोट धुणारा एक मोठा कारखाना होता. पाण्याने नव्हे, ड्रायक्लीनिंगच्या त्या गोड वासाच्या द्रवाने. साधा दिसणारा, पाण्यासारखा पातळ, पण पाण्याहून जड. सांडला की जमिनीत खाली खाली जात राहतो, काँक्रीटलाही दाद देत नाही, वर्षानुवर्षं खाली बसून राहतो, आणि मग कधीतरी वाफ होऊन वर यायला लागतो, फरशीच्या सांध्यांतून, नळाच्या भोकांतून. मोठ्या माणसाचं डोकं जड होतं, वर्षं गेली की आतले अवयव कुरकुरायला लागतात. लहान मूल जमिनीच्या जवळ असतं, श्वास भराभर घेतं, आणि त्याला सांगता येत नाही. हे सगळं त्याने स्वतः किती नवशिक्यांना शिकवलं होतं, आणि शिकवताना या भागाला आवाज थोडा खाली आणायचा हेही त्याला माहीत होतं. "आवडलं ना?" मुलीने विचारलं. "हवा चांगली खेळते," तो म्हणाला, आणि तोंडून गेलेलं ते वाक्य परत घ्यायला त्याच्याकडे काही साधन नव्हतं.

आठ टिंबांपैकी चौथं टिंब त्या दुरुस्त केलेल्या टेकूसमोर होतं, भिंतीपासून बारा पावलांवर. आकडा त्याला पाठ होता, कारण त्या जागेचं त्याला काहीतरी कायम टोचत आलं होतं. तिथे गिरमिट हातभर गेलं आणि थांबलं. खाली काहीतरी टणक. गिरमिट चालवणारा पहिलवान म्हणून एक गडी होता, दंड असे की कचेरीत त्याच्याशी कुणी हात मिळवत नसे. त्याने दोनदा जोर लावून पाहिला, तिसऱ्यांदा लावला, आणि याच्याकडे बघितलं. मग जे नेहमी करतात तेच त्यांनी केलं. या धंद्यात दगड लागला की सरकायचं. तीन पावलं डावीकडे, नाहीतर तीन पावलं उजवीकडे. तिथे मऊ माती लागली की भोक पाडायचं आणि बरणीवर आकडा मात्र तोच लिहायचा. फॉर्मवर 'सरकलो' असं लिहायला रकाना नाही. नकाशावरचं टिंब कुणी खोडत नाही. दहा जागांपैकी आठ जागांवर खाली खरोखरच दगड असतो, जुना पाया असतो, झाडाचं मूळ असतं, आणि सरकण्यात काही बिघडत नाही. पण कधी कधी खाली झाकण असतं. जमिनीत पुरलेल्या टाकीचं झाकण, जिच्यात वापरून झालेला द्रव वर्षानुवर्षं ओतलेला असतो, आणि जिचं नाव कारखान्याच्या कुठल्याच कागदावर नसतं. माती स्वच्छ निघाली. आठही बरण्या स्वच्छ. उपसायची, साफ करायची गरज नाही, असा कागद त्याने लिहिला, खाली सही केली, आणि जमीन आणखी काही वर्षं नुसती पडून राहिली.

घर दाखवणं चालू होतं आणि तो चालत होता, दोन्ही हात पाठीशी बांधून, कौतुकाने मान हलवत. गवताची पट्टी दोन पावलं, स्वयंपाकघर चार, मधली बोळ एक. सात झाली. बायको म्हणाली, "अहो, असे काय पावलं मोजत चालताय, फरशी फुटणार आहे का?" सगळे हसले, तोही हसला. आठ, नऊ. खोलीच्या दारात त्याने उगाच चौकटीवर हात फिरवला. दहा, अकरा. बाराव्या पावलावर जाड रबराची रंगीत चटई होती आणि चटईवर आता नात बसवलेली होती. तिच्या हातात लाकडी चमचा होता आणि तो ती सगळ्या ताकदीने जमिनीवर आपटत होती. आपटायची, कान देऊन ऐकायची, आणि पुन्हा आपटायची. "तिला हीच जागा लागते," मुलगी म्हणाली. "दुसरीकडे बसवली की रांगत इथेच येते." त्याला वाकून नातीला उचलायचं होतं, आणि उचलून काय सांगायचं हे कळत नव्हतं, म्हणून तो वाकला नाही. उचलायला काय लागलं असतं? आजोबा नातीला उचलतात, त्याला कारण लागत नाही. पण त्याला वाटलं की आपण उचललं तर सगळ्यांना कळेल.

त्या दिवसापासून त्याला प्रत्येकाचा संशय यायला लागला, आणि खोटं कशाला बोला, त्यात त्याला बरं वाटत होतं. बांधणाऱ्या कंपनीने पाया खणला तेव्हा टाकी लागलीच असणार. लागली आणि त्यांनी गुपचूप माती लोटून वर काँक्रीट ओतलं. किंवा पाया तेवढ्या भागात उथळ ठेवला, मुद्दाम. रखवालदाराने पहिल्या दिवशी त्याच्याकडे टक लावून का पाहिलं? शेजारच्या घराच्या खिडक्या भर दुपारी सताड उघड्या का? आणि जावई. जावई लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करायचा, सज्जन, मितभाषी, आणि म्हणूनच संशयास्पद. लिफ्टच्या धंद्यातला माणूस तळमजल्यावर घर घेतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. स्वस्त मिळालं असेल. का स्वस्त मिळालं, ते त्याने विचारलं असेल, त्याला कुणीतरी सांगितलं असेल, आणि त्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं असेल. बायकोचाही त्याला संशय आला. ती मुलीकडून येते आणि डोकं दुखतं म्हणते, मग पडून राहते, आणि विचारलं की म्हणते, ऊन लागलं. ऊन, बसमध्ये? "तुम्हाला मेलं सगळीकडे काहीतरी दिसतं," ती म्हणाली. "दिसत नाही, वास येतो," तो म्हणाला. "मग जरा दुसरीकडे नाक खुपसा." हे संसारातलं नेहमीचं बोलणं होतं, पण तिने हे बोलताना आपल्याकडे पाहिलं नाही याची त्याने मनात नोंद केली.

आणि सगळ्यांच्या वर मोठे साहेब. साहेबांना जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि मेलेल्या माणसाचा संशय घेणं सगळ्यात सोपं, तो काखा वर करत नाही. त्याला आता लख्ख आठवत होतं. गिरमिट अडलं, पहिलवानाने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच वेळी खिशातला फोन वाजला. पलीकडून साहेब. किती वेळ लावताय, उद्या कागद हवाय, सरकवा आणि उरका. तो म्हणाला होता, साहेब, खाली काहीतरी आहे. साहेब म्हणाले होते, खाली सगळीकडेच काहीतरी असतं. हे वाक्य त्याला शब्दन् शब्द आठवत होतं, साहेबांच्या आवाजात, मधल्या खोकल्यासकट. ते आठवलं की छातीवरचा दगड थोडा हलायचा. त्याने विरोध केला होता. त्याला भाग पाडलं होतं. नाकाचं चुकलं नव्हतं, नाकाला कुणीतरी चिमटीत धरलं होतं. बागेतल्या बाकावर बसून तो हे वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणायचा, औषधाची गोळी जिभेवर फिरवावी तसं, आणि मग उठून घरी यायचा, आणि मुलीला फोन करून विचारायचा, काय चाललंय. ती म्हणायची, मजेत. तो विचारायचा, खिडक्या उघड्या ठेवता ना? ती म्हणायची, डास येतात, बाबा.

सांगायचं का नाही? हा प्रश्न त्याने एकदाही सरळ उभा राहू दिला नाही. सांगायला आधी खात्री हवी. खात्री व्हायला तपासणी हवी. तपासणी करायला कुणालातरी सांगायला हवं. अशी ती साखळी फिरून पुन्हा पहिल्या कडीशी यायची आणि दिवस मावळायचा. कचेरीतली जुनी माणसं अजून होती. एक फोन केला असता तर घरातली हवा तपासायला भिंतीवर टांगायची एक छोटी नळी मिळाली असती, दहा दिवसांत उत्तर मिळालं असतं. तो फोन त्याने केला नाही. संशयाची एक सोय असते, तो पुरावा मागत नाही, आणि पुरावा नाही तोवर काही करावंही लागत नाही. त्याला भीती कशाची वाटत होती ते त्याला ठाऊक होतं. नातीच्या जिवाची वाटत होती, ती तर होतीच. पण तिच्या बरोबरीने, लाज वाटावी इतकी बरोबरीने, आणखी एक भीती होती. माझे बाबा जमिनीला विचारतात, तू बरी आहेस का. ती मुलगी अजून त्या वाक्यात राहत होती, आणि त्याला तिला त्या घरातून बाहेर काढायचं नव्हतं.

बाराव्या दिवशी जावई कामावरून जाता जाता काही द्यायला आला आणि चहाला थांबला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तो आपण होऊन म्हणाला, "बाबा, तुम्हाला एक विचारायचं होतं. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टखाली जो खड्डा असतो ना, त्यात पाणी साठतंय. परवा मीच उतरलो बघायला. पाण्याला गोडसर वास आहे कसलातरी. पाच मिनिटांत डोकं गरगरायला लागलं, वर आलो. हे जमिनीतून येत असेल का?" याला माहीत आहे, आणि हा आपल्याला चाचपून बघतोय, असं पहिल्यांदा त्याच्या मनात आलं. त्याने जावयाच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे काहीच लपवलेलं नव्हतं. मोठ्या माणसाला विचारावं तसं त्याने विचारलं होतं आणि उत्तराची वाट बघत होता. "ग्रीस असेल," तो म्हणाला. "तुमच्याच धंद्यातलं काहीतरी सांडलेलं." "ग्रीसला असा वास नसतो," जावई हळूच म्हणाला, "पण बघतो." चहा संपवून जावई गेला. दार लावताना त्याला आपल्या हाताची किळस आली.

चौदाव्या दिवशी तो पहिलवानाकडे गेला. त्याला एकच गोष्ट पक्की करून घ्यायची होती, साहेबांचा तो फोन. ती पक्की झाली की मुलीला सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. साहेबांना पुढे धरून सांगता आलं असतं. पहिलवान आता मुलाच्या टायरच्या दुकानात बसायचा. दंड उतरले होते, पण त्याला बघून तो उठला आणि स्टूल पुसून दिलं. "भाऊ, किती वर्षांनी. नाक कसं आहे?" "नाक आहे जागच्या जागी," तो म्हणाला, आणि थोडा वेळ दोघं हसले. मग त्याने धुण्याच्या कारखान्याच्या जागेची गोष्ट काढली. पहिलवानाला आठवत होती. "चौथं ना? अडलं होतं. पोकळ वाजत होतं खालून. मी म्हटलं पण तुम्हाला, भाऊ, दगड असा वाजत नाही." "आणि मग साहेबांचा फोन आला," तो म्हणाला. पहिलवानाने भुवया वर केल्या. "फोन?" "साहेबांचा. सरकवा म्हणाले." "तिथे फोन कुठला यायला, भाऊ. त्या भिंतीमागे रेंजच नव्हती. घरी फोन करायला तुम्ही दोनदा रस्त्यावर गेला होता, विसरलात?" दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं, त्याने त्या यंत्राच्या काट्याकडे बघितलं. रस्त्यावर गेलेला त्याला आठवला. ऊन, धूळ, कानाला लावलेला गरम फोन, बायकोचा आवाज, येताना साबण आणा. ते खरं होतं. साहेबांचा खोकला खोटा होता. तो त्याने कुठल्यातरी दुसऱ्या दिवसातून आणून इथे बसवला होता. "मग सरकवायला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं, आणि प्रश्न विचारताना आपला आवाज नातीएवढा लहान झाल्यासारखा त्याला वाटला. "तुम्हीच," पहिलवान म्हणाला. त्याच्या बोलण्यात दोष नव्हता, आठवणीची गंमत होती. "का म्हणून?" "का म्हणून काय? चार वाजले होते. सुटायची वेळ. तुम्ही नेहमीच सरकवायचा, भाऊ. दर जागेवर एखादं तरी. मी हसायचो, भाऊंचा डावा पाय लई सैल."

परतताना तो बसमध्ये बसला नाही, चालत आला. कुणी भाग पाडलं नव्हतं. कुणाची घाई नव्हती, कुणाचा डाव नव्हता, लाच नव्हती. चार वाजले होते. एकतीस वर्षांतल्या इतर जागा त्याच्या डोळ्यांसमोर यायला लागल्या, शाळेमागची, तळ्याजवळची, बॅटऱ्या बनवायच्या कारखान्याची, आणि प्रत्येक जागेवर एकेक टिंब आणि टिंबाच्या डावीकडे तीन पावलांवर तो स्वतः, कपाळावरचा घाम पुसत, बरणीवर आकडा लिहीत. तिथेही आता घरं होती. तिथेही कुणीतरी चटईवर बसलं असेल. रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीकडे तो बघत होता आणि प्रत्येक इमारत आपल्याकडे बघतेय असं त्याला वाटत होतं. चौदा दिवस नाही, एवढी वर्षं तो सगळ्यांचा संशय घेत आला होता, मालकांचा, कारखानदारांचा, प्रयोगशाळेतल्या मुलींचा, कारण तेच त्याचं काम होतं; या एका माणसाचा कधी घेतला नव्हता. आणि एवढं कळूनही तो त्या दिवशी मुलीकडे गेला नाही. दुसऱ्या दिवशी पाय जड झाले. तिसऱ्या दिवशी बायकोबरोबर दवाखान्यात जायचं होतं. कारणं त्याला आपोआप सापडत होती, मऊ माती सापडावी तशी.

सतराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तो गेला. जावई कामावर होता. मुलगी न्हाणीघरात ती रबराची चटई उलटी टाकून ब्रशने घासत होती, आणि नात खोलीत उघड्या फरशीवर पालथी पडून फरशीच्या सांध्यात बोट घालायचा प्रयत्न करत होती. "बघा ना, बाबा," मुलगी म्हणाली, "चटई खालून विरघळतेय. नवी कोरी घेतलेली. सगळं चिकट चिकट होतं." त्याने चटईला हात लावला आणि बोटं नाकाशी नेली. आता तो वास भासासारखा नव्हता. तो खोलीत येऊन खुर्चीवर बसला. "तुला काही सांगायचंय," तो म्हणाला. "आधी मला सांगू द्या," ती हात पुसत म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर ते लहानपणचं हसू होतं, काहीतरी पाठीमागे लपवून आणल्यावर येणारं. "तुमच्या वाढदिवसाला सांगणार होते, पण राहवत नाही. आम्ही तीन घरं पाहिली होती. हे तिसरं. कागदांचा हा एवढा गठ्ठा दिला त्यांनी, त्यात मातीचा अहवाल होता जुना. शेवटच्या पानावर तुमची सही. मी तर ओरडलेच. हे म्हणाले, सगळा वाचून बघू. मी म्हटलं, बाबांची सही आहे, वाचायचं काय त्यात?"

मग त्याने सांगितलं. जमिनीकडे बघत, साध्या शब्दांत, नवशिक्यांना सांगायचा तसं, फक्त यावेळी आवाज कुठेच खाली आणला नाही. नकाशावर आठ टिंबं होती. सात जागी आम्ही खणलं. चौथ्या जागी खाली काहीतरी पोकळ लागलं, म्हणून तीन पावलं डावीकडे खणलं, आणि लिहिलं मात्र चौथ्याचंच. "चौथी जागा म्हणजे ही खोली," तो म्हणाला. "खाली टाकी असणार. ती गळतेय. चटई त्यानेच विरघळतेय." तिला लगेच कळलं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, ओल्या हातांकडे पाहिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं का असं करायला?" तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात अजून एक फट उघडी होती, त्यातून तो निसटू शकला असता. साहेबांचा खोकला तयार होता. "नाही," तो म्हणाला. "माझं मीच केलं." चौदा वर्षांपूर्वीचं काहीतरी, ती मनात म्हणत असावी, उन्हातलं, विसरलेलं, माणसाच्या हातून होतं. तिचा चेहरा मऊ होत होता, ते त्याला दिसत होतं, आणि त्याला त्या क्षणी रडू येईल असं वाटलं. मग तिच्या कपाळावर एक आठी आली. "पण बाबा, ही तीच जागा आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. काल कळलं, आज कळलं, म्हणून तर धावत आलो. "पहिल्या दिवशी," तो म्हणाला. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून."

तिचे ओठ हलले. ती मोजत होती. "सतरा दिवस," ती म्हणाली. ओरडली नाही, आवाज उलट खाली गेला. "सतरा दिवस ती या फरशीवर रांगतेय. तुम्ही रोज फोन करत होता. खिडक्या उघड्या ठेवता ना, विचारत होता." मग ती वाकली, नातीला फरशीवरून उचललं, तिची बोटं आपल्या ओढणीने एकेक करून पुसली, आणि उभ्या उभ्याच कपाटातून पिशवी काढून तिच्यात झबली भरायला लागली. एका हाताने जमत नव्हतं. नातीला आजोबा दिसला, तिने हसून त्याच्या बाजूला अंग झोकलं. तो उठला आणि तिला घ्यायला हात पुढे केले. मुलीने त्याच्याकडे न बघता नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं.